तेराव्या रिळाचा वास

मंडळात मान होता तो नाकाला. नाकामागच्या माणसाला कुणी फारसं विचारत नसे, आणि त्याबद्दल त्या माणसाची तक्रारही नव्हती. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून अठ्ठावीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून झाले, तरी खात्यातल्या शिपायाला त्यांचं टेबल कुठलं हे अजून विचारावं लागे. मंडळात मात्र सगळे त्यांना ‘नाकसाहेब’ म्हणत. हे नाव सुरुवातीला थट्टेत पडलं होतं. पण मान मिळायला लागला की थट्टा कुठे संपली हे माणूस बघत बसत नाही.

मंडळ म्हणजे एकूण चार माणसं. दातांचे डॉक्टर, कारण त्यांच्या दवाखान्याची बाहेरची खोली रविवारी दुपारी रिकामी असे. निवृत्त मास्तर, कारण इतिवृत्त लिहायला कुणीतरी हवं. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, कारण प्रोजेक्टर बिघडला की बाकीच्यांना नुसतंच हळहळता येई. आणि नाकसाहेब. छंद असा, की ऐकणाऱ्यानं आधी हसावं आणि मग हवापाण्याच्या गप्पांकडे वळावं. यांच्या लहानपणी टीव्हीवर जी कार्टून लागत, ती तेव्हाच्या कंपन्या करंगळीहून अरुंद फिल्मवर उतरवून घरगुती प्रोजेक्टरसाठी विकत. चार-चार मिनिटांची रिळं, आवाज नाही, खाली अक्षरं. भिंतीवर चादर टांगायची आणि बघायचं. पुढे जग बदललं, चादरी पुन्हा गाद्यांवर गेल्या आणि रिळं माळ्यावर. ती माळ्यावरून उतरवून कपाटात ठेवणं, यालाच हे चौघं ‘जतन’ म्हणत.

नाकसाहेबांचं जतन एकाच मालिकेचं होतं. अग्निशमन दलात नोकरीला लागलेलं एक कासव. घंटा वाजली की ते हेल्मेट घालतं, बंबावर चढतं, चढता चढता बंब निघून जातो, आणि प्रत्येक भागात आग विझल्यावर ते तिथे पोचतं. वरातीमागून घोडं म्हणतात, ते या कासवाच्या मानानं फारच वेळेवर निघालेलं असतं. एकूण तेरा भाग. बारा नाकसाहेबांकडे होते. तेरावा कुणाकडेच नव्हता, आणि त्यात कासव वेळेवर पोचतं अशी वदंता होती. टीव्हीवर तेरावा भाग लागला त्या आठवड्यात दहा वर्षांचे नाकसाहेब गालगुंड होऊन अंथरुणात होते. शाळेत गेल्यावर बाकावरच्या पोरानं सांगितलं, ‘त्या दिवशी कासव वेळेवर पोचलं रे.’ एवढंच. एवढ्याशा पुराव्यावर लोक पंथ काढतात, नाकसाहेबांनी तर फक्त एक कपाट केलं होतं.

आता नाकाचं. जुनी फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. मंडळाच्या भाषेत रीळ ‘आंबतं’. आंबलेलं रीळ आकसतं, वाकतं, शेवटी मोडतं, आणि हे सगळं ते एकट्यानं करत नाही. त्याची वाफ शेजारच्या रिळांना लागते आणि बघता बघता अख्खं कपाट आंबतं. यावर औषध नाही. म्हणून मंडळाचा एकच नियम होता. नवं रीळ कुणाच्याही कपाटात जाण्याआधी रविवारी सगळ्यांसमोर डबा उघडायचा आणि नाकसाहेबांनी वास घ्यायचा. इतरांना वास चांगला भरात आल्यावर कळे, नाकसाहेबांना तो सुटायच्या बेतात असतानाच कळे. ते डोळे मिटत, दोनदा हुंगत आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणत. अपील नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांच्या वडिलांनी त्यांच्या लहानपणी आणलेलं पोस्टमन उंदराचं रीळ त्यांनी नापास केलं, तेव्हा डॉक्टरांनी ते स्वतःच्या हातानं दवाखान्याच्या कचऱ्यात टाकलं होतं आणि त्या दिवशी चहा घेतला नव्हता.

तर अशा या नाकाच्या मालकाला आठ महिन्यांपूर्वी ताप आला. चार दिवसांनी ताप गेला, तो जाताना वास घेऊन गेला.

आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, सर्दीनंतर असं होतंच. मग एका दुपारी गॅसवर दूध आटून पातेलं कोळसा झालं. घराखालीच त्यांच्या बायकोचं बटणं, दोरे, लेस आणि इलॅस्टिकचं दुकान होतं. मंडळ तिला वहिनी म्हणे, आपणही म्हणू. वहिनी जिना चढून धावत आल्या, तेव्हा घरभर धूर होता आणि नाकसाहेब दार लावून शेजारच्या खोलीत रिळाला कापड फिरवत बसले होते.

“मला वाटलं, तू बघशील,” ते म्हणाले.

“मी दुकानात होते,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि पातेलं घासायला घेतलं. त्यातल्या त्यात सुधारण्यासारखं तेच होतं.

नाक-कान-घसावाल्याकडे नाकसाहेब गुपचूप जाऊन आले. त्यानं टॉर्च मारला, ‘येईलही, नाहीही’ असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. खरं सांगायचं तर प्रोजेक्टरचा दिवा तापल्यावर त्यावरची धूळ भाजल्याचा जो वास येतो, त्या वासासाठी हा माणूस या छंदात आला होता. कासव नंतरचं. तो वास आता परत यायचा नाही, याचं त्यांना पोटातून दुःख झालं होतं. पण मान जाईल याची भीती इतकी मोठी, की ती लपवता लपवता दुःख करायला सवडच मिळेना.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकायची कशी, याचा त्यांनी आठवडाभर विचार केला, आणि पुढच्या रविवारी मास्तरांनी आणलेला डबा समोर आला तेव्हा खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “आज आधी तुम्ही सांगा. किती दिवस माझ्या नाकावर जगणार? उद्या मी नसलो तर?”

मंडळाला भरून आलं. एवढा मोठा माणूस, आणि विद्या वाटायला निघाला. तिघांनी आळीपाळीनं डबा हुंगला. नाकसाहेब डब्याकडे बघतच नव्हते, ते तोंडांकडे बघत होते. मास्तरांचा वरचा ओठ उचलला गेला, लिफ्टवाल्यानं मान मागे घेतली, डॉक्टरांनी डोळे बारीक केले. मग नाकसाहेबांनी डबा घेतला, डोळे मिटले, दोनदा हुंगलं आणि म्हणाले, “नापास. मास्तर, तुम्हाला कळलं होतं, नाही का? शाबास.”

मास्तर त्या दिवशी चाळिशी पुसत घरी गेले.

असे सहा महिने निघाले. आडात नव्हतं, तरी पोहऱ्यात येत होतं, कारण पोहरा शेजारच्या आडात सोडलेला होता. एकही निकाल चुकला नाही. उलट नाकसाहेबांचं नाक वयाबरोबर तयार होत चाललंय असं मास्तरांनी इतिवृत्तात लिहिलं. गोष्टीत असं फार दिवस चालत नाही हे वाचकाला ठाऊक असतं. नाकसाहेबांना मात्र आपण गोष्टीत आहोत हे माहीत नव्हतं.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना यावा, तसा तेरावा भाग आला.

आणला भंगारवाल्यानं. कुठल्यातरी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीतून एक पोतं उचललं होतं, त्यात हा पत्र्याचा डबा. झाकणावर हेल्मेट घातलेलं कासव आणि आकडा तेरा. नाकसाहेबांनी बदल्यात स्वतःचा जादा प्रोजेक्टर देऊन टाकला. चाळीस-बेचाळीस वर्षांनी गालगुंडाचा आठवडा परत मिळाला होता.

घरी तो न्यायचा नव्हता. नियम म्हणजे नियम. ते थेट दवाखान्यात गेले. रविवारच होता. दाताच्या चित्राखालच्या बाकावर तिघं बसले होते. डबा टेबलावर आला आणि तिघंही उभे राहिले.

“मिळाला?” मास्तर एवढंच म्हणाले.

“उघडा,” नाकसाहेब म्हणाले. “नेहमीप्रमाणे आधी तुम्ही.”

लिफ्टवाल्यानं झाकण फिरवलं. आणि त्या खोलीत, जिथे आधीच औषधाचा आणि लवंगेच्या तेलाचा वास होता, त्या सगळ्यावर मात करून असा आंबट भपकारा उठला की शेंबड्या पोरालाही कळावं. त्या वासाला तज्ज्ञ लागत नव्हता, खिडकी लागत होती.

पण तिघांनी नाकसाहेबांच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर लग्नाच्या दिवशी नव्हता एवढा आनंद होता. मास्तरांच्या मनात आलं, त्यांना स्वतःलाच आता कळेल, मी कशाला बोलू? डॉक्टरांच्या मनात आलं, माझ्या वडिलांच्या रिळाच्या वेळी मला कसं झालं होतं. लिफ्टवाल्याच्या मनात आलं, हे दोघं मोठे आहेत, ते बघतील. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या दिवशी ती डॉक्टरांच्या बाकावर पाय पसरून बसली होती. एकेकानं डबा हुंगला, श्वास कोंडून धरला आणि तोंड दगडासारखं ठेवलं.

“ठीक वाटतंय,” मास्तर म्हणाले.

“मलाही तसं काही...” लिफ्टवाला म्हणाला.

“तुम्ही बघा ना,” डॉक्टर म्हणाले.

नाकसाहेबांनी तिन्ही तोंडं वाचली. स्वच्छ. एकही ओठ उचललेला नाही. त्यांनी डबा नाकाशी नेला, डोळे मिटले, दोनदा हुंगलं. फिल्म कडेनं जराशी वाकली होती हे त्यांना मघाशी दिसलं होतं, पण इतकी वर्षं गुंडाळून ठेवलेलं कोण सरळ राहतं?

“पास,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तिघांचेही भरून आले, पण त्याचं कारण वेगळं होतं.

वहिनींना त्या संध्याकाळी नवऱ्यानं दारातच डबा दाखवला. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. मग म्हणाल्या, “हा कपाटात ठेवणार? त्या बाराबरोबर?”

“मग कुठे? दुकानात?”

टॉवेलची घडी करता करता वहिनी म्हणाल्या, “अहो, मी साबण बदललाय. कळलं का?”

“हो तर. आल्या आल्या कळलं. छान आहे.”

वहिनींनी टॉवेलाची घडी मोडली आणि परत घातली.

मालिका पूर्ण झाली की तेराच्या तेरा भाग एका बैठकीत दाखवायचे असं मंडळाचं ठरलं होतं. पण नेमका नाकसाहेबांच्या उरलेल्या प्रोजेक्टरचा दिवा गेला, आणि तसला दिवा मिळवायला लिफ्टवाल्याला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत नाकसाहेब दर रविवारी सकाळी तेराही डबे बाहेर काढत, वरून मऊ कापडानं पुसत आणि परत ओळीनं लावत. उघडत नसत. उगाच हवा लागायला नको. बाहेर थंडी होती, तरी वहिनी त्या खोलीची खिडकी सताड उघडी ठेवत. नाकसाहेब कुरकुरत, “वारा येतोय.” वहिनी म्हणत, “येऊ दे.”

सातव्या आठवड्यात, गुरुवारी, डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं. नाकसाहेबांना वाटलं, कार्यक्रमाचं ठरवायचं असेल. डॉक्टरांनी शेवटचा पेशंट घालवला, हातमोजे काढून टेबलावर टाकले आणि उभ्यानंच बोलायला लागले.

“सहा आठवडे मी गप्प बसलो. म्हटलं, एक-दोन दिवसांत तुम्ही स्वतःच सांगाल, बाबांनो, माझं चुकलं, मोहात पडलो. पण नाही. परवा मास्तरांना विचारलं, कपाटातच आहे ना ते? म्हणे, हो, बारांच्या शेजारी.”

“काय?”

“नाकसाहेब, वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. ते रीळ आंबलंय. डबा उघडल्या उघडल्या मला कळलं, मास्तरांना कळलं, लिफ्टवाल्याला कळलं. आणि तुम्ही, तुम्ही आमच्यासमोर डोळे मिटून पास म्हणालात.”

नाकसाहेब पेशंटच्या खुर्चीत बसले. ती आपोआप मागे झुकली, त्यामुळे उरलेलं सगळं त्यांनी आडवं पडून ऐकलं.

“माझ्या वडिलांचं रीळ मी तुमच्या एका शब्दावर कचऱ्यात टाकलं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “वडील गेल्यावर त्यांची म्हणून माझ्याकडे ती एक वस्तू होती. मी विचारलं का तुम्हाला, की परत एकदा बघा म्हणून? नाही. म्हटलं, नाकसाहेब म्हणजे काट्याचा माणूस. आणि स्वतःची वेळ आल्यावर? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.”

नाकसाहेबांच्या डोक्यात दोन विचार एकदमच आले. पहिला, बारा रिळं सहा आठवडे त्या वाफेत आहेत. दुसरा, आता काय सांगायचं? सांगण्यासारखी दोनच उत्तरं होती. एक, मी लबाड आहे. दुसरं, मला आठ महिने वासच येत नाही. शहाण्या माणसानं क्षणात दुसरं निवडलं असतं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण मंडळातली नऊ वर्षं ज्या नाकानं माणसाला वर धरलं, ते नाक असं सोडता येत नाही.

“हो,” ते छताकडे बघत म्हणाले. “मला वास आला होता. मुद्दाम पास केलं. मोह झाला.”

लबाड म्हणवून घेणं परवडलं, पण नाकाला धक्का नको. डॉक्टरांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू किडलेली दाढ दिसली आणि ती काढण्याच्याही लायकीची नाही. “या तुम्ही,” ते म्हणाले, आणि खुर्ची सरळ करायचं बटण दाबलं.

नाकसाहेब घरापर्यंत जवळजवळ पळत आले. वाटेत त्यांनी देवाला सांगून बघितलं, मग स्वतःला शिव्या दिल्या, मग पुन्हा देवाला सांगितलं. जिना चढून खोलीत शिरले, कपाट उघडलं आणि एक नंबरचा डबा खाली काढला. झाकण निघालं.

आत फिल्म नव्हती. आत पांढऱ्या इलॅस्टिकची गुंडाळी होती, अर्धा इंची, व्यवस्थित, चक्राकार.

त्यांनी दोन नंबर उघडला. इलॅस्टिक. तीन, चार, पाच. इलॅस्टिक. सातव्यात काळं होतं. बाराव्यात थोडं कमी पडलं असावं, म्हणून मधे लेस भरलेली होती. सहा रविवार या माणसानं मऊ कापडानं जे पुसलं होतं, ते लोकांच्या चड्ड्यांना लागणारं सामान होतं.

वहिनी दारात उभ्या होत्या.

“दुकानात आहेत,” त्या म्हणाल्या. “बटणांच्या खालच्या खणात, कागदात गुंडाळून. ज्या संध्याकाळी तुम्ही ते तेरावं आणलंत ना, त्याच संध्याकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा काढली.”

“म्हणजे... आंबलेली नाहीत?”

“बाराच्या बारा हुंगली आहेत मी. धूळ येते नाकात, बाकी काही नाही. ते तेरावं तेवढं तिथेच ठेवलं. तुमचं होतं, मी कशाला हात लावू? नुसती खिडकी उघडी ठेवत होते. अख्ख्या घराला आंबट वास येतोय हो, सहा आठवडे.”

नाकसाहेब इलॅस्टिकच्या ढिगाऱ्यात जमिनीवर बसले. आता झाकायला मूठही उरली नव्हती. “तुला कधी कळलं? दूध जळलं तेव्हा?”

“तेव्हा शंका आली. साबणाच्या वेळी खात्री झाली.”

“का? छान आहे म्हणालो की मी.”

“मी बदललाच नव्हता साबण.”

खिडकीतून वारा येत होता. नाकसाहेबांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता, “मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते,” वहिनी म्हणाल्या. “रोज वाटायचं, आज सांगतील. लिफ्टवाल्याला काय, डॉक्टरांना काय, नका सांगू. पण मला? आठ महिने? एवढं काय हो लपवण्यासारखं होतं त्यात?” आणि मग त्यांनी पदरानं डोळे टिपले, सातव्या डब्यातलं काळं इलॅस्टिक उचललं आणि गुंडाळायला घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याला गिऱ्हाईक होतं.

नाकसाहेबांना लाज वाटली. मंडळासमोर कधी वाटली नव्हती अशी. कपाटाची काळजी वाहता वाहता आपण घरच्या माणसाला आठ महिने दाराबाहेर उभं केलं, हे त्यांना तिथे, जमिनीवर बसल्या बसल्या कळलं.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले. “काहीच येत नाही. दिव्याचाही नाही. तुझाही नाही.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “एक टोक धरा.”

त्यांनी एक टोक धरलं.

रविवारी नाकसाहेब दवाखान्यात गेले ते प्रोजेक्टर, तेरावा डबा आणि वहिनी यांच्यासह. सव्वीस वर्षांच्या संसारात वहिनी या बैठकीला पहिल्यांदाच आल्या होत्या. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते. मास्तरांनी इतिवृत्ताची वही उघडली होती, पण पेनाचं टोपण काढलं नव्हतं.

“गुरुवारी मी डॉक्टरांशी खोटं बोललो,” नाकसाहेब उभ्यानं म्हणाले. “म्हणालो, वास आला होता. आला नव्हता. तापानंतर आठ महिने मला कसलाच वास येत नाही. तुम्हाला शिकवतो म्हणून डबा आधी तुमच्या हातात देत होतो आणि तुमची तोंडं बघून निकाल सांगत होतो. डॉक्टर, तुमच्या वडिलांचं रीळ त्याआधीचं. तेव्हा नाक होतं. ते खरंच आंबलेलं होतं. पण त्या दिवशी मी तुम्हाला दोन शब्द बोलायला हवे होते, ते बोललो नाही. शिक्का मारला आणि चहा प्यायलो.”

लिफ्टवाल्यानं हिशेब केला. हिशेब त्याला आवडत असे. “म्हणजे आठ महिने पास-नापास आम्हीच करत होतो?”

“तुम्हीच.”

“मग चुका किती झाल्या असतील,” मास्तर घाबरून म्हणाले, कारण त्यांच्या कपाटात त्या काळातली नऊ रिळं होती.

“एकच,” नाकसाहेब म्हणाले. “ज्या दिवशी तुम्ही माझी दया केलीत.”

भिंतीवरच्या चित्रातला दात तेवढा हसत होता. मग डॉक्टर खिडकीपासून वळले, कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली आणि वहिनींसाठी मांडली. दुसरी आणली, ती नाकसाहेबांसाठी. झुकणारी नव्हे, साधी.

“आकसलंय फार,” लिफ्टवाला डब्यात बघत म्हणाला. “एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालायचं नाही.”

“एकदा चालव,” नाकसाहेब म्हणाले. “मग डॉक्टरांच्या कचऱ्यात.”

पडदे ओढले. डॉक्टरांनी, मास्तरांनी, लिफ्टवाल्यानं खिशातले रुमाल काढून नाकाला लावले. तोंडं दगडासारखी ठेवायची कुणी तसदी घेतली नाही. मास्तर तर मोकळेपणानं शिंकले. त्या खोलीत आरामात बसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे मंडळाचं नाक. वहिनींनी मात्र रुमाल काढला नाही.

दिवा लागला. चादरीवर हेल्मेट घातलेलं कासव आलं, जागच्या जागी थडथडत, कारण फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नव्हती. घंटा हलली. बंब निघाला, कासव मागे राहिलं.

“काय वास येतोय?” नाकसाहेबांनी हळूच विचारलं.

“आंबट. डोळ्यांत पाणी येण्याइतका,” वहिनी म्हणाल्या. “थांबा, दुसरा एक आहे. दिवा तापतोय ना, त्याचा. धूळ भाजल्यासारखा. इस्त्री नवीन लावल्यावर येतो तसा, पण जरा गोड. हाच का तो?”

“हाच.”

“बरा आहे की,” वहिनी म्हणाल्या. “आता कमी झाला. आता परत आला.” आणि त्या सांगत राहिल्या, चारही मिनिटं, दुकानात गिऱ्हाइकाला लेसचा प्रकार समजावून सांगावा तसं, न कंटाळता. नाकसाहेब चादरीकडे बघत होते आणि त्यांचं अर्धं लक्ष शेजारच्या खुर्चीत होतं.

बाकावरचं ते पोर खोटं बोललं होतं, किंवा त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं. घर जळून गेलं, लोक भांडी घेऊन निघाले, धूर विरला. रस्ता रिकामा झाला. एकच बाई उंबऱ्यावर बसून राहिली. मग रस्त्याच्या टोकाला एक ठिपका दिसला, थडथडत, हेल्मेट वाकडं झालेलं.

“पोचलं बघा,” वहिनी म्हणाल्या.

“उशिरा,” नाकसाहेब म्हणाले.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “पण ती बाई अजून बसलीये.”